मीठ शेवटी

गोणी रत्नागिरीहून आली, एसटीच्या पार्सलाने.
बेलापूरच्या थांब्यावर कंडक्टरने ती पायानेच पुढे सरकवली.
मी, गटाची हिशोबनीस, वहीत लिहिलं:
सुकं शेवाळ, अकरा किलो. हमाली, वीस रुपये.

घोडं शब्दापाशीच अडलं.
शेवाळ म्हणजे टाकीच्या तळाचं, नारळाच्या शेंडीने खरवडायचं.
शेवाळ म्हणजे दिवाळ्याच्या धक्क्यावरची तिसरी पायरी,
जिच्यावरून घसरून चांगुणाआत्याचं मनगट मोडलं,
ते अजून वाकडंच आहे.
त्याच हाताने तिने गोणी उसवली, म्हणाली,
"ज्याव पाय घसरतं, ता ताटान वाराचा?"
आम्ही हसलो.
हसू ओसरलं तरी गोणी तिथेच होती.

सांगितलं होतं तसं भिजत घातलं.
रात्री मूठभर, मीठ फुटलेलं, वाळक्या मुळ्यांसारखं.
सकाळी पातेल्याचं झाकण तिरकं,
आणि काठावरून बोटं बाहेर, फुगलेली, तांबूस,
जणू आत कुणी अंघोळीला बसलंय.

भाकरी फसली. तव्याला अशी धरली
की मयुरेखाने उलथणं ठेवून पटाशी मागितली.
चटणी केली, त्यात हाताच्या सवयीने मीठ पडलं,
आणि घासाबरोबर अख्खी भरती तोंडात शिरली.
तेव्हा आत्याने भिंतीवर खडूने लिहून घेतलं.
तिला लिहिता येत नाही, लिहवून घेता येतं.
मीठ शेवटी. आदी चाखा.
"आधी"चा "आदी" झालाय, कुणी पुसत नाही.

मग पापड जमला.
तांदळाच्या पिठाच्या चार वाट्या, शेवाळाच्या पुडीची एक,
जिरं, ठेचलेली लसूण, पापडखार चिमटीहून कमी.
तळला की फुलतो, आणि मागून, जरा उशिरा,
जिभेच्या कडांना पाणी सुटतं,
सुकटीची आठवण येते, पण सुकट नाही.

नाव मात्र सुचेना.
नेरूळच्या छपाईवाल्याला मी इंग्रजीतून सीवीड सांगितलं,
त्याने पाकिटावर छापून आणलं: सीवूड्स पापड.
पाचशे पाकिटं. परत कोण घेतो?
आता स्टेशनपलीकडच्या सोसायट्यांतून फोन येतात,
आमच्याच एरियाचा ना हा, दोन डझन पाठवा.
एकीने दबकत विचारलं, यात मासे नाहीत ना?
नाही ताई, भाजी आहे. फक्त मळा पाण्यात असतो.
म्हणाली, पाणी कुठलं?

मी रत्नागिरी म्हटलं, आणि ते खरंच आहे.
पण आत्याने ते ऐकलं.
दुसऱ्या दिवशी तिने साठ फूट दोरी आणवली,
ओल्या रोपाची पिशवी कुणाकडून मागवली ते सांगितलं नाही,
आणि जुन्या होडीच्या दोन पिंपांमध्ये ताणून
तिवरांच्या अलीकडे बांधून आली.
रोज ओहोटीला जाऊन बघे. मी तिला हिशोब विचारला नाही.

पंचेचाळीस दिवसांनी दोरी उचलली.
गुटख्याच्या पुड्या, गाळ, एक लहान मुलाची चप्पल,
आणि गाठींपाशी, हो, चार-पाच झुबके.
मयुरेखाने एक झुबका बरणीत घालून तपासायला दिला.
कागद आला. शिसं, अमुक इतकं. खाण्यास अयोग्य.
मी मोठ्याने वाचलं.
आत्याने विचारलं, "कोनाला?"

तिने दोरी पुन्हा वर ओढून दाखवली.
झुबक्यात नखाएवढी कोळंबी, काचेसारखी,
एक चिंबोरी, तिच्या नथीतल्या मोत्यापेक्षा बारकी,
आपले आकडे उगारून आमच्याकडे बघत होती.
आत्याने दोरी हळूच सोडली,
निजलेल्याच्या अंगावर गोधडी सारावी तशी.

वहीत मी लिहिलंय: दोरी, एक. दोनशे दहा रुपये.
पुढचा रकाना कोरा आहे.
त्या कोळंबीच्या अंगातही शिसं जात असेल,
हे आत्याला अजून कुणी बोललेलं नाही.
सोमवारी चाळीस पाकिटं द्यायचीत,
तांदूळ दळायला टाकायचेत,
रत्नागिरीची गोणी अजून आलेली नाही.